उशिराच्या एकतीस चिठ्ठ्या

दादा गेला त्याला तीन महिने झाले. लॉन्ड्रीतले सगळे येऊन बसून गेले, मुकादम तर दोनदा येऊन गेला, आणि जो तो दादाच्या लेकीच्या, भिंगरीच्या, शाळेची गोष्ट काढायचा. पण प्रत्येकाची वेगळीच. एक म्हणाला, दादाने शाळेच्या मोठ्या बाईंना त्यांच्याच खोलीत जाऊन झापलं. दुसरा म्हणाला, कोर्टात खेचतो म्हणाला. तिसऱ्याने तर टेबलावर मूठ आपटली असं सांगितलं. असलं काहीही झालं नाही. दादाने आयुष्यात टेबलावर मूठ आपटली नाही, टेबलावर कापड असायचं ना नेहमी. झालं ते असं झालं, आणि ते दादाच्या चुकीमुळे झालं, हे पण सांगायला पाहिजे. त्याने स्वतःनेच सांगितलं असतं.

आमचा दादा हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत इस्त्रीवाला. सव्वीस वर्षं. लॉन्ड्री तळघरात, भिंतींना कायम वाफेचा घाम, आणि यंत्रांचा आवाज एवढा की बोलायचं तर ओरडूनच. त्यामुळे दादा घरीसुद्धा ओरडूनच बोलायचा. मीठ दे म्हणाला तरी शेजारच्यांना वाटायचं भांडण लागलं. चादरी मोठ्या गरम रोलरमधून जायच्या, ते काम कुणीही करायचं, पण डॉक्टरांचे पांढरे डगले हाताने इस्त्री करायचे ते दादाकडे. कॉलरची इस्त्री टोकाकडून आत करायची, आतून टोकाकडे केली की चुणी गोळा होते, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, विचारलेलं नसलं तरी. घरातलं काही चुरगळलेलं त्याला बघवायचं नाही. पेपर वाचून झाला की अशी घडी घालायचा की परत विकता आला असता. वहिनी म्हणायची, "यांना घडी घालता आली नाही अशी एकच वस्तू आहे घरात, यांची जीभ."

वहिनी पावाच्या कारखान्यात, पाकिटं बांधायला. तिची पाळी पहाटे पाचची, म्हणजे चारला घर सोडायची. हे लक्षात ठेवा, कारण त्यामुळेच सकाळचं सगळं दादाकडे आलं.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली. चालायला लागली तीच गोल गोल फिरत, म्हणून भिंगरी. दारातून आत यायची तर दोन गिरक्या मारून. शाळेत खरं नाव वेगळं आहे पण त्या नावाने हाक मारली तर ती स्वतःच आधी मागे वळून बघते, कुणाला म्हणतायत ते.

सात वर्षांची असताना तिची बोटं सुजायला लागली. आधी वाटलं दारात सापडली असतील. मग गुडघा सुजला, मग मनगट. सकाळी उठली की लाकडासारखी. कुणी म्हणालं वाढीचं दुखणं, कुणी म्हणालं नाटकं करते, शाळा बुडवायला. वर्ष गेलं त्यात. मग दादाने ज्यांचे डगले इस्त्री केले त्यातल्याच एका डॉक्टरीणबाईंना लॉन्ड्रीच्या दारात गाठलं आणि ओरडून, म्हणजे त्याच्या नेहमीच्या आवाजात, विचारलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी घेऊन या म्हटलं. निघालं काय, तर सांध्यांचा आजार. लहान मुलांना होणारा संधिवात.

हे ऐकलं की सगळे एकच बोलायचे. "हा तर म्हाताऱ्यांचा रोग!" जणू भिंगरीने आजीची चप्पल चोरून घातली. दहा जणांनी म्हटल्यावर अकराव्याला दादा सांगायचाच बंद झाला. विचारलं तर म्हणायचा, "हात जरा आखडतो तिचा," आणि विषय बदलायचा.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. दर आठवड्याला एक इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी डोळे तपासायचे, कारण हा आजार गुपचूप डोळ्यांतही जातो. कधीतरी शांत होईल, कधी ते सांगता येत नाही. आणि सकाळी सांधे धरतात, नऊ-साडेनऊनंतर सुटतात, मग मूल अगदी इतर मुलांसारखं. हिंडू द्या, खेळू द्या, फक्त ओझं नको. सकाळी शेक दिलात तर बरं पडेल.

शेक! दादाला हा शब्द कुणी सांगायचा? सव्वीस वर्षं दुसरं केलं काय त्याने? साडेचारला उठायचा, मोठ्या पातेल्यात पाणी, वर चाळणी, चाळणीत टॉवेलाच्या घड्या, वर झाकण. टॉवेल काढून झटकायचा, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा आणि मग भिंगरीच्या हाताला गुंडाळायचा. एकेक बोट, टोकाकडून आत, कॉलर करतात तसं. एक थंड होईपर्यंत दुसरा तयार. हात झाले की गुडघे. मग म्हणायचा, "दाखव, मूठ करून दाखव." मूठ पूर्ण मिटली की दिवस सुरू. अर्धीच मिटली तर परत टॉवेल. मुकादमाला सांगून त्याने पाळी नऊची करून घेतली, त्याबदल्यात रोज संध्याकाळी शेवटची गाडी उतरवून घ्यायचा.

एवढं करून शाळा आठची. सात वीसला निघायचं, दप्तर दादाच्या खांद्यावर, थंडी असली की भिंगरी पण दादाच्या पाठीवर. शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर तिला खाली ठेवायचं, कारण पाठीवर बसून आलेलं कुणी पाहिलं तर ती दिवसभर बोलायची नाही. कोपऱ्यापासून फाटक, फाटकापासून तीन मजले. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर. काही दिवस वेळेत व्हायचं. काही दिवस मूठ मिटायचीच नाही, आणि मग आठ दहा, आठ वीस.

आता शाळेचा नियम सांगते. उशीर झाला की ऑफिसच्या खिडकीशी जायचं. बाहेर ट्रेमध्ये कोऱ्या चिठ्ठ्या, शेजारी दोरीला बांधलेलं पेन. मुलाने स्वतःच्या हाताने नाव, वर्ग आणि उशिराचं कारण लिहायचं आणि चिठ्ठी आत सरकवायची. आत क्लार्क काका बसायचे. ती चिठ्ठी मग वर्गात जायची आणि वर्गाच्या बाई ती मोठ्याने वाचायच्या, मुलांना लाज वाटावी म्हणून.

पहिल्या वेळी भिंगरी खिडकीशी उभी राहिली आणि पेन धरवेना. मागे दोन उशिरा आलेली पोरं ढकलतायत. दादा फाटकातून बघत होता, तो आत आला, एक चिठ्ठी उचलली आणि खांबामागे गेला.

"काय लिहू?"

"आजार लिहू नको बाबा. वर्गात वाचतात."

"मग?"

"सगळे लिहितात ते लिही. झोप लागली."

दादाने डाव्या हाताने लिहिलं, म्हणजे अक्षर पोरीचं वाटावं. झोप लागली. वर्गात कुणी हसलंसुद्धा नाही, रोज दोघातिघांना झोप लागलेली असायचीच. दुसऱ्या वेळी पण तेच. मग ती रीतच पडली. खांबामागे चिठ्ठी लिहायची, भिंगरीच्या हातात द्यायची, तिने ती सरकवायची. दादाला वाटायचं, आपण पोरीचं काम सोपं केलं. वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं, ती त्या वेळी पाकिटं बांधत असायची.

असं होत होत घरी पत्र आलं. तुमच्या पाल्यास एकतीस वेळा उशीर झाला आहे, तीन उशीर म्हणजे एक गैरहजेरी, आणखी तीन वेळा झालं तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे वर्ष वाया. वहिनीने पत्र वाचलं आणि चप्पलसुद्धा न काढता बसून राहिली. भिंगरीला पुन्हा पाचवीत बसवायचं? ज्या पोरीला एक दुखणं पुरे होतं?

मग डॉक्टरीणबाईंकडून सर्टिफिकेट आणलं. त्यांनी एका कागदावर मागण्या पण लिहून दिल्या. वर्ग तळमजल्यावर द्यावा. दुसऱ्या तासापासून यायची परवानगी, उशीर न धरता. पुस्तकांचा एक संच शाळेत, एक घरी. परीक्षेत जास्त वेळ. वहिनीने अर्ज केला आणि मोठ्या बाईंनी भेटायला बोलावलं. शुक्रवारी दुपारी दोनला, मुलीला घेऊन.

आणि इथे दादाने जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्याने त्या दिवशी रजा घेतली. भिंगरीला सकाळी शेक दिला तो दिलाच, शाळा सुटल्यावर घरी आणून परत दिला. गरम पाण्याने आंघोळ. गणवेश असा इस्त्री केला की स्कर्टच्या चुण्या मोजता आल्या असत्या. त्याच्या डोक्यात एकच, मोठ्या माणसासमोर जायचं तर चुरगळलेलं जायचं नाही. लॉन्ड्रीतून चुरगळलेला डगला वर गेला तर परत येतो. एवढंच माहीत होतं त्याला. भिंगरी शाळेच्या पायऱ्या दोन-दोन चढत गेली.

"काय गं, काय होतं तुला?" मोठ्या बाईंनी विचारलं. बाई वाईट नव्हत्या हो. उंच, शांत, टेबल स्वच्छ.

भिंगरीने दादाकडे बघितलं. तर दादा सवयीने म्हणाला, "दाखव, मूठ करून दाखव बाईंना."

भिंगरीने मूठ केली. घट्ट, पूर्ण, अंगठा वर. आणि दादा रोजच्यासारखा खूश होऊन म्हणाला, "हां! बघा!"

वहिनीने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला, पण गाडी गेलेली होती.

"मग अडचण काय आहे?" बाई म्हणाल्या.

"अडचण सकाळी असते," वहिनी म्हणाली.

बाईंनी एक फाइल उघडली. एकेक चिठ्ठी टेबलावर ठेवत गेल्या. "झोप लागली. झोप लागली. उठायला उशीर. झोप लागली. झोप लागली. सर्टिफिकेट म्हणतं सांधे, मुलगी स्वतःच्या हाताने लिहिते झोप. माझ्याकडे असे अर्ज खूप येतात. मी कुणाचं खरं धरू?"

वहिनी चिठ्ठ्यांकडे बघतच राहिली. दादाने तोंड उघडलं, आणि ज्याची जीभ जन्मात कधी थांबली नाही ती तिथे थांबली. आपण शाळेचे कागद खोटे केले, आता पोरीला काढूनच टाकतील, असं त्याला वाटलं. भिंगरीने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे.

बाई तिलाच म्हणाल्या, "खोटं बोलून आई-बाबांना असं पळवू नये बाळा. लवकर झोपत जा."

भिंगरी म्हणाली, "हो बाई."

घरी आले. दार लावलं आणि वहिनी फिरली.

"कुणी लिहिल्या त्या?"

"मी."

"का?"

"वर्गात वाचतात म्हणून. पोरगी म्हणाली..."

"पोरगी दहा वर्षांची आहे! तुम्ही किती वर्षांचे? आणि आज तिला काय नटवून नेलंत हो? दुकानाच्या काचेत ठेवायची होती का? आजारी पोर दाखवायला नेली आणि बरी करून नेली!"

दादा म्हणाला, "चुरगळलेली कशी नेऊ?"

यावर वहिनी रडलीच. मग दादा पण.

दुसऱ्या दिवशी दादाने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, एकदा शाळेला तिची सकाळ दिसू द्या. एक दिवस शेक देऊ नका आणि तशीच घेऊन जा. दादा तिथून उठूनच आला. वहिनीला म्हणाला, "मी नाही. माझ्या हाताने तिला दुखवू? त्यापेक्षा वर्ष जाऊ दे." वहिनी म्हणाली वर्ष जायचं नाही. तो म्हणाला टॉवेल थांबायचे नाहीत. दोन दिवस घरात ताटं वाजत होती फक्त. दादाने सोमवारी एकट्याने जाऊन मोठ्या बाईंना विनवलं, पहाटे पाचला आमच्या घरी या, बघा. बाई म्हणाल्या, सगळ्यांच्या घरी मी जाऊ शकत नाही, तुम्हीच समजून घ्या. चिठ्ठ्यांचं मात्र तेव्हाही त्याच्या तोंडून निघालं नाही.

त्या संध्याकाळी भिंगरी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, उद्या टॉवेल नको."

"तुला आईने सांगितलं?"

"नाही. उद्या चिठ्ठी मी लिहिणार."

"मग लिही ना. पण शेकून घे, म्हणजे बरं लिहिता येईल."

"बरं लिहिलं तर काय उपयोग बाबा? सगळं बरं करून नेतोस तू."

"दुखेल गं."

"रोजच दुखतं."

"रोज कुठे? मी येतो ना टॉवेल घेऊन."

"तू यायच्या आधी. मी आधीच उठलेली असते. तुझ्या पातेल्याचा आवाज येईपर्यंत हलत नाही मी."

दादाला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं त्याला वाटत होतं आपण तिला उठवतो. मग म्हणाला, "बाईंनी तुला खोटं बोलू नको म्हटलं, त्याचा राग आला?" भिंगरी म्हणाली, "मी खोटं बोललेच होते ना. पण लवकर झोपत जा म्हणाल्या, त्याचा आला. मी तर जागीच असते."

वहिनीने पाळी बदलून घेतली. पहाटे दादा साडेचारला उठलाच, सवय कुठे जाते. पातेलं लावलं नाही. घरातल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या मोडून परत घातल्या. भिंगरी उठली, म्हणजे वहिनीने तिला उठवून बसवलं. हात पोटाशी धरलेले, बोटं आत वळलेली. तान्ह्या बाळाला घालतात तसे तिला कपडे घातले, बाही चढवताना ती ओठ चावत होती, आणि दादा भिंतीकडे तोंड करून उभा. मध्ये एकदा तो स्वयंपाकघराकडे निघाला तर वहिनी एवढंच म्हणाली, "अहो." तो परत फिरला.

तिला पाठीवर घेऊन निघाला, मागे वहिनी दप्तर घेऊन. कोपऱ्यावर आल्यावर थांबला, सवयीने.

"नको," भिंगरी म्हणाली. "आतपर्यंत ने."

खिडकीशी आठ पंधरा झाले होते. तिने ट्रेमधली चिठ्ठी ओढली, पेन बोटात धरवत नव्हतं, मग मुठीत धरलं, चमचा धरतात लहान पोरं तसं. मूठ पण अर्धीच. मागे तीन मुलं.

"ए, लवकर ना!"

"काय गं, झोप लागली ना? लिही आणि जा," आतून क्लार्क काका म्हणाले.

भिंगरीने मान हलवली आणि लिहायला लागली. नाव लिहायलाच इतका वेळ लागला की मागची मुलं भांडायची थांबली आणि वाकून बघायला लागली. पेन दोनदा पडलं. दोरीला होतं म्हणून बरं. दादा मागे उभा, हात खिशात कोंबलेले, म्हणजे मदतीला जायला नकोत. क्लार्क काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते उठून बाहेर आले. पोरांनी त्यांना कमरेच्या खाली कधी पाहिलंच नव्हतं, एक जण हळूच म्हणाला, "काकांना पाय आहेत!" काकांनी एक स्टूल आणून भिंगरीच्या मागे ठेवलं.

तिने लिहून संपवलं. अक्षरं रकान्याच्या बाहेर गेली होती. लिहिलं होतं, हात उघडत नव्हता.

काकांनी चिठ्ठी हातात घेतली. वीस वर्षं मुलांची अक्षरं वाचणारा माणूस. म्हणाले, "हे अक्षर ते नाही. त्या आधीच्या चिठ्ठ्या..."

"त्या माझ्या आहेत!" दादा म्हणाला.

आता दादा म्हणाला म्हणजे काय, तळघरातल्या आवाजात म्हणाला. दोन वर्ग शांत झाले. "मी लिहिल्यात! डाव्या हाताने! एकतीसच्या एकतीस!"

मोठ्या बाई खोलीतून बाहेर आल्या. लोक म्हणतात दादाने बाईंना झापलं, ते यावरून आलं असणार. त्याने झापलं स्वतःला.

आत गेल्यावर बाईंनी दार लावलं. "मुलीच्या नावाने पालकांनी लिहायचं म्हणजे काय, कळतं तुम्हाला?"

"कळतं. मला काय करायचं ते करा. त्या दिवशी तुम्ही हिला खोटं बोलू नये म्हणालात, ते मी ऐकून घेतलं. ते माझं होतं."

भिंगरीचा हात बघायला बाईंनी हात पुढे केला, तर भिंगरीने पटकन मागे घेतला, दुखेल म्हणून. बाईंचा हात तसाच राहिला, मग त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"असं किती वाजेपर्यंत असतं?"

"साडेनऊ. थंडीत दहा."

"आणि वर कशी जातेस?"

"कठड्याला धरून. प्रार्थना होईपर्यंत पोचते."

"त्या दिवशी तर दोन-दोन पायऱ्या चढत होतीस, मी खिडकीतून पाहिलं."

"दुपारी मी बरी असते," भिंगरी म्हणाली.

बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं. खरंच, कागद ओढून लिहिलं. मग म्हणाल्या, "हे कुणी आधी का नाही सांगितलं?" वहिनी म्हणाली, "सर्टिफिकेटमध्ये आहे, बाई." बाईंनी सर्टिफिकेट काढलं, वाचलं, आणि म्हणाल्या, "हो. आहे."

उशीर रद्द करायचे तर क्लार्क काकांचा वेगळाच नियम निघाला. ज्याने खोटी चिठ्ठी लिहिली त्यानेच प्रत्येकीवर लिहून द्यायचं. मग काय, दादा त्या स्टुलावर बसला, खिडकीशी, दोरीच्या पेनाने. एकेका चिठ्ठीवर लिहायचं, हे मी लिहिले, कारण खोटे आहे, मुलीचे सांधे धरले होते, वडील. शाळा चौथीपर्यंत झालेली, लिहायची सवय नाही. मधल्या सुट्टीत भिंगरी खाली आली तेव्हा तो सतराव्या चिठ्ठीवर होता. तिचे हात तोवर सुटले होते. ती म्हणाली, "बाबा, तुला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो." काकांनी त्याला चहा पाजला. लॉन्ड्रीत पोचला तेव्हा बारा वाजले होते आणि मुकादमाने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळं एकदम मिळालं नाही. दुसऱ्या तासाची परवानगी लगेच, पुस्तकांचा दुसरा संच त्याच आठवड्यात वर्गाच्या कपाटात. परीक्षेतला जास्त वेळ वरच्या ऑफिसातून यायचा होता, तो पुढच्या वर्षी आला, त्या वर्षी बाईंनी अर्धी परीक्षा तोंडी घेतली. खेळाच्या बाई मात्र उलट्याच निघाल्या. कळल्यापासून तिला बसवूनच ठेवायला लागल्या. भिंगरी मोठ्या बाईंकडे गेली आणि म्हणाली, सकाळचं खरं धरलंत तर दुपारचं पण धरा. मग खेळायला मिळालं. टॉवेल सुरूच राहिले, फक्त घाई गेली. आता ते वहिनी करते, पाळी दुपारची करून घेतली तिने. दादाइतके गरम होत नाहीत म्हणे, पण भिंगरी तिला तसं सांगत नाही.

तळमजल्याचा वर्ग मिळायला पाच आठवडे लागले. तिथे चित्रकलेची खोली होती, चित्रकलेचे सर रंगाच्या डब्यांसकट वर जायला तयार नव्हते. शेवटी गेले. त्या खोलीची खिडकी रस्त्याकडे उघडते. पहिल्या दिवशी दादा भिंगरीला दुसऱ्या तासाला सोडून निघाला आणि निघालाच नाही. रस्त्यावरून खिडकीशी आला आणि आत बघत उभा. भिंगरी कडेच्या बाकावर, गणित चालू. तिने एकदा बघितलं, दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा बघितलं, मान हलवून जा म्हटलं. दादा हसला आणि तिथेच. शेजारच्या मुली खिदळायला लागल्या.

मग भिंगरी उठली, खिडकीशी आली, दोन्ही दारं ओढली आणि आतून कडी सरकवली. जुनी कडी, जड, घासत जाते. मूठ पूर्ण मिटून, जोर लावून सरकवली तिने.

दादा त्या दिवशी लॉन्ड्रीत पोचला तो दारातूनच ओरडत. "हाकललं मला! तोंडावर खिडकी लावली पोरीने, कडी घालून!" रोलरवरचे चौघे कामं टाकून बघायला लागले, की याला एवढा आनंद कसला झाला.